एचबीए१सी ६.६ आणि उपाशीपोटी १०८. मला डायबेटिस आहे की नाही?

जीरावन_जास्त (इंदूर)

नमस्कार मंडळी. वय ४३, मुक्काम लोकमान्यनगर, इंदूर. शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते, म्हणजे आकड्यांना भ्यायचं मला खरं तर काही कारण नाही. पण सध्या तीन आकडे डोक्यात फिरतायत आणि त्यांचं एकमेकांशी काही केल्या जमत नाहीये.

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं पॅकेज घेतलं, ते "सत्तर तपासण्या एकाच दरात" वालं. मुलगा सकाळी आला, रक्त घेतलं, पाठीवरच्या पिशवीत टाकलं आणि "मॅडम, अजून पाच घरं आहेत" म्हणून पळाला. रात्री मोबाइलवर रिपोर्ट. उपाशीपोटी साखर १०८. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.६, लाल अक्षरांत, शेजारी "डायबेटिक". बाकी दहा पानं कोण वाचतंय!

आता घरची परिस्थिती ऐका. सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे, त्यामुळे या विषयात त्या घरातल्या अंतिम अधिकारी. त्यांनी लगेच आपलं मशीन काढलं आणि जेवणानंतर दीडेक तासानं माझं बोट टोचलं. १८७. "बघ, म्हटलं नव्हतं?" नवऱ्यानं त्याच क्षणी रविवारचे पोहे-जिलबी बंद केले, माझे एकटीचे, स्वतःचे नाही. नणंदेनं उज्जैनहून मेथीदाण्याचा हिशेब पाठवला. आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदारानं तर रिपोर्ट बघून "वहिनी, मेटफॉर्मिनची पाचशेची गोळी सुरू करून टाका, सगळे हीच घेतात" म्हणून सांगितलंही. घेतलेली नाही अजून.

माझी अडचण अशी. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र मिळालं: २८.७ गुणिले एचबीए१सी, वजा ४६.७. म्हणजे माझी सरासरी १४३ च्या आसपास. सकाळी उपाशी १०८ असणाऱ्या बाईची दिवसभराची सरासरी १४३ कशी येते? मग मी दिवसभर करते तरी काय? माझ्या आईला डायबेटिस होता, बाबांना नव्हता. तहान, लघवी, वजन उतरणं, असलं काहीही नाही. दमायला होतं, पण ते कोणत्या शिक्षिकेला होत नाही?

यातला कोणता आकडा खरा धरायचा?

कारलं_प्रेमी

ताई, एवढ्या तपासण्या कशाला? आमचे आजोबा लघवीला मुंग्या लागतात का ते बघायचे. कारल्याचा रस सुरू करा सकाळी, महिन्याभरात सगळं नॉर्मल. लॅबवाले घाबरवून पैसे काढतात.

जुना_लॅबवाला (इंदूर)

कारलंभाऊ, मी जन्मभर लॅबमध्ये काढली, तेव्हा लॅबवाल्यांना दोन शिव्या तुम्ही द्या, चार मी देतो. पण मुंग्यांचं सोडा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडतच नाही. या ताईंची उपाशीची साखर १०८ आहे. त्या लघवीला मुंगी ढुंकून बघणार नाही, आणि तुम्ही म्हणाल सगळं ठीक. नोकरीच्या सुरुवातीला आम्हीही लघवीच तपासायचो. बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा लाल. दिसायला फार सुंदर. पण विटेचा रंग येईपर्यंत माणूस आजारात वर्षानुवर्षं मुरलेला असायचा. निदानासाठी ती पद्धत कधीच मागे पडली.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. तुम्ही विचारताय कोणता आकडा खरा. मी आधी विचारेन, कोणता आकडा कसा घेतला?

१०८ पासून सुरू करू. त्या पोरानं रक्त किती नळ्यांत घेतलं, बुचांचे रंग आठवतात का? साखरेसाठी करड्या बुचाची नळी लागते, तिच्यात फ्लोराइड असतं. एचबीए१सीला जांभळ्या बुचाची. कारण असं की नळीत गेलं तरी रक्त जिवंत असतं. त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, आणि उन्हात त्याहून वेगानं. फ्लोराइडनं ते थांबतं, पण तेही लगेच नाही, पूर्ण काबूत यायला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. आणि तुमच्या पोराला अजून पाच घरं होती, मे महिन्यातल्या इंदुरात, स्कूटरवर! म्हणजे तुमचे १०८ हे खरे ११२ असतील, ११५ असतील. उलट बाजूनं चूक व्हायची शक्यता कमी. तेव्हा १०८ बघून निवांत होऊ नका. बर्फाच्या पेटीत नेलं आणि पटकन पेशी वेगळ्या केल्या तर गोष्ट निराळी. पण पाठीवरची पिशवी म्हणालात ना तुम्ही.

मग सासूबाईंचे १८७. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण मशीन हे ज्याला आजार आहे त्यानं रोजची चढउतार बघण्यासाठी असतं. त्यावर निदान करत नाहीत. ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानकच असं आहे की १०० आणि वरच्या आकड्यांत शंभरातले ९५ निकाल लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे आले की मशीन पास. तुम्ही गणिताच्या बाई आहात, तुम्हीच मांडा: मशीन १८७ म्हणतंय, तर लॅबचा आकडा १६३ पासून २२० पर्यंत कुठेही बसू शकतो. त्यात जेवणानंतर बोटाचं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच साखर दाखवतं. आणि मे महिना आहे म्हणून विचारतो, टोचण्याआधी हात धुतला होता का? आंबा कापलेल्या बोटावर मी मशीनला तीनशेच्या वर जाताना पाहिलंय. माणूस ठणठणीत.

राहिला एचबीए१सी. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, चिकटलेली राहते. म्हणून तो आकडा तीन महिन्यांचा हिशेब देतो, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन सगळ्यात जास्त. पण यात एक गृहीत धरलेलं आहे: पेशी नेहमीच्या वयाच्या आहेत आणि हिमोग्लोबिन नेहमीचं आहे. ते गृहीत मोडलं की आकडाही मोडतो. आमच्याकडे झाबुआ-आलिराजपूरकडचे सिकलसेलचे पेशंट यायचे. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे साखर वाढलेली असली तरी एचबीए१सी कमी दिसतो. नुकतं रक्त चढवलेल्या माणसाचंही तसंच, अर्धा हिशेब रक्तदात्याचा. आणि उलटही होतं.

ती बाकीची दहा पानं उघडा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शोधा. हिमोग्लोबिन किती आहे?

डॉ_राऊ

लॅबवाले काकांनी निम्मं काम केलंय. मी इंदूरजवळ राऊला दवाखाना चालवतो, ताई, तुमच्यासारखे रिपोर्ट रोज दोन-तीन तरी येतात.

निदानाचे आकडे आधी सांगतो. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, शिरेतलं रक्त: १२६ किंवा वर म्हणजे डायबेटिस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर. एचबीए१सी ६.५ किंवा वर. याच्या खाली मधला पट्टा आहे: उपाशी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीचा मधला पट्टा ११० पासून मोजते. म्हणून एकच रिपोर्ट दोन डॉक्टरांनी वेगळा वाचला तर लगेच भांडू नका.) चौथा मार्ग आहे, कधीही घेतलेली साखर २०० किंवा वर, पण तो ज्याला तहान, वारंवार लघवी, उतरतं वजन अशी स्पष्ट लक्षणं आहेत त्याच्यासाठीच.

आता लॅबच्या छापील रिपोर्टवर कधीच नसतो तो नियम. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर डायबेटिस म्हणायचं नाही. दोन आकडे हद्दीपलीकडे हवेत. एकाच दिवशीच्या दोन वेगळ्या तपासण्या असोत, नाहीतर तीच तपासणी दुसऱ्या दिवशी परत. तुमच्यासारखं एक पलीकडे आणि एक अलीकडे आलं, तर जी पलीकडे गेली ती परत करायची. म्हणजे नेहमीच्या नियमानं तुम्हाला मी एचबीए१सी पुन्हा करायला सांगितला असता. आणि "पीपी", म्हणजे जेवणानंतरची, ही या यादीत मुळात नाहीच. एकाचं जेवण दोन फुलके, दुसऱ्याचं सराफ्याच्या खाऊगल्लीतली रात्र. हद्द ठरवणार कशावर?

पण काकांनी जे विचारलंय त्याचं उत्तर येईपर्यंत मी थांबतो. सोबत माझे तीन प्रश्न. पाळी कशी आहे? बाळंतपणात कधी शुगर निघाली होती का? दमा, सांधे किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड चालू आहे का? आणि ती पाचशेची गोळी डबीतच राहू द्या. गोळी वाईट नाही, पण निदानाआधी घेतली तर पुढचे सगळे आकडे गढूळ होतात.

जीरावन_जास्त

बाप रे. सीबीसी उघडलं. हिमोग्लोबिन ९.१. तेही लालच आहे, पण साखरेच्या लालपुढे कोणाचं लक्ष गेलं नाही. एमसीव्ही ६८ लिहिलंय, ते काय?

पाळी गेलं वर्षभर फार जाते. गर्भाशयात फायब्रॉइड आहे म्हणून सांगितलंय, बघू-करू चाललंय. स्टेरॉइड नाही.

बाळंतपणाचं विचारलंत म्हणून आठवलं. मुलीच्या वेळी, आता ती ११ ची आहे, सातव्या महिन्यात गोड पाणी पाजून रक्त घेतलं होतं आणि "थोडी जास्त आहे, भात-बटाटा कमी करा" म्हणाले होते. बाळंत झाल्यावर कोणी काही विचारलं नाही, मीही नाही. त्याचा आता काय संबंध?

लॅबवाले काका, बुचं करडी होती की काय ते देव जाणे. हात धुतला नव्हता. आणि हो, रस खाल्ला होता, त्याच बोटांनी.

जुना_लॅबवाला (इंदूर)

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० च्या वर हवं. ६८ म्हणजे पेशी बारक्या झाल्यात. पाळी जास्त जाते म्हणताय, तेव्हा लोहाचा खजिना रिकामा असणार. फेरिटिन करून घ्या, त्यावर शिक्कामोर्तब होईल. (सिंधी कॉलनीतलं कोणी असतं तर मी थॅलेसेमिया मायनरही बघायला सांगितलं असतं. हा आनुवंशिक रक्तदोष सिंधी लोकांत जास्त आढळतो, आणि पेशी त्यातही बारक्या असतात. पण तुमचं कारण समोर दिसतंय. लोह भरूनही पेशी बारक्याच राहिल्या तर मात्र बघा.)

आणि हेच ते उलट प्रकरण. लोह कमी असलं की एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर सरकतो. किती, ते प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे "०.४ वजा करून टाका" असलं गणित करू नका. तो आकडा सध्या बाजूला ठेवायचा, एवढंच.

डॉ_राऊ

अगदी. नेहमी मी एचबीए१सी परत करायला सांगितला असता, पण तुमच्या रक्तात तो परत केला तरी तीच गफलत परत येईल. अशा वेळी निदान फक्त साखरेच्या आकड्यांवर करतात. तुम्हाला ७५ ग्रॅमची चाचणी हवी. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, डायलिसिसवर, सिकलसेलमध्ये, रक्तस्राव किंवा रक्त चढवल्यानंतर, सगळीकडे हाच नियम.

बाळंतपणाचा संबंध विचारलात. फार मोठा आहे. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटिस व्हायची शक्यता इतर बायकांच्या कित्येक पट असते. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत हीच ७५ ग्रॅमची चाचणी व्हायला हवी, आणि ती साफ निघाली तरी दर एक ते तीन वर्षांनी साखर बघत राहायची. प्रत्यक्षात बाळ रडतं, आई रजा मोजते, डॉक्टर बाळाच्या लसी विचारतो आणि आईची फाइल बंद होते. आता सरकारी नियमानं प्रत्येक गरोदर बाईला पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात, जेवलेली असो की उपाशी, आणि दोन तासांनी १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ती हद्द बाळासाठी आहे म्हणून इतकी खाली. एरवीच्या २०० शी तिची गल्लत करू नका.

तुमची पार्श्वभूमी बघता ही तपासणी हौसेचं पॅकेज म्हणून नाही, नियमानंच व्हायला हवी होती. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं भारतीयांसाठी एक सोपी गुणपत्रिका केली आहे, रक्त न घेता. वय ३५ ते ४९ ला २०, पन्नाशी झाली की ३०. कंबर बाईची ८० ते ८९ सेंमीला १०, ९० च्या वर २०. पुरुषाला दहा सेंमी सूट. व्यायामही नाही आणि काम बैठं तर ३०, दोन्हीपैकी एक असेल तर २०. आईवडलांपैकी एकाला डायबेटिस तर १०, दोघांना तर २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका जास्त.

जीरावन_जास्त

२० + १० (कंबर ८६, आत्ताच शिंप्याच्या टेपनं मोजली) + ३० + १० = ७०. वर्गात दिवसभर उभी असते, त्याला श्रम म्हणत नसाल ना?

डॉ_राऊ

नाही म्हणत. ७० च.

सडसडीत (इंदूर)

मध्येच घुसतो. मी ३८, वजन ५९ किलो, कंबर ८४, रोज सकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत फेऱ्या मारतो. माझी बेरीज साठच्या खालीच असणार. तरी नोकरीच्या मेडिकलमध्ये उपाशी १३१, पुन्हा केली तर १२९. घरात कोणी विश्वासच ठेवेना. "तुला? तुझ्या तर बरगड्या मोजता येतात!" तेव्हा गुणपत्रिकेवर फार विसंबू नका.

डॉ_राऊ

बरोबर. ती चाळणी आहे, निदान नाही, आणि चाळणीतून काही दाणे निसटतातच. गंमत म्हणजे तुमच्या बरगड्यांवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केलंय. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. यडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ ची वाट न बघता २३ पासूनच सावध व्हायचं असतं, आणि सरकारी आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर बघतात, जाडा असो की बारीक. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो यासाठीच. ती बोटाची तपासणी फुकट आहे, पण तिचं काम संशयित शोधण्याचं. पुढे शिरेतलं रक्त द्यावंच लागतं.

सडसडीत, तुमचं वय कमी, अंग बारीक. गोळ्यांना साखर दाद देत नसेल किंवा वजन उतरत असेल तर डॉक्टरांना जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. मोठ्या वयात हळूहळू येणारा टाइप १ (शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं तो) असतो, तो सुरुवातीला टाइप २ च वाटतो.

जुना_लॅबवाला (इंदूर)

ताई, ७५ ग्रॅमच्या चाचणीला जाण्याआधी माझं ऐका. ही चाचणी लॅबवाले आळशीपणानं करतात आणि पेशंट घाईनं.

पहिलं, आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. सध्या घरात तुमचा भात-पोळी-जिलबी बंद झालाय ना? तो चालू करा. दिवसाला निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर शरीराला साखरेची सवय मोडते आणि चाचणीत आकडा उगाच वर जातो. नवऱ्याला माझं नाव सांगा आणि रविवारचे पोहे खा. आदल्या रात्री नऊपर्यंत जेवण, मग पाणीच.

सकाळी लॅबमध्येच जा, घरी बोलावू नका. पहिलं रक्त, मग ग्लुकोज. विचारा, पुडी किती ग्रॅमची? कोरडं ग्लुकोज ७५ ग्रॅम, पण बाजारात मिळतं त्यात पाण्याचा रेणू असतो, ते ८२.५ ग्रॅम मोजावं लागतं. साखरेचं सरबत चालत नाही, साखरेत ग्लुकोज निम्मंच. अडीच-तीनशे मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. मळमळतं, म्हणून लिंबू पिळलं तर चालतं. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, शेवटच्या नाही! आणि ते दोन तास तिथेच बसायचं. लोक काय करतात, तेवढ्यात राजवाड्यावर जाऊन खरेदी उरकतात. चाललात की स्नायू साखर खातात, आकडा खाली. चहा नाही, बिडी-सिगारेट नाही (तुम्हाला नाही, वाचणाऱ्यांना सांगतोय). उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी नव्यानं. एखादं पुस्तक न्या, वह्या तपासायला न्या.

आणि करडं बूच. डोळ्यांनी बघा.

कारलं_प्रेमी

जिलबी खाऊन शुगर तपासायची? कमाल आहे.

जुना_लॅबवाला (इंदूर)

भिया, परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याला नेहमीसारखंच ठेवतात, तरच तो किती पाण्यात आहे ते कळतं. तुम्ही कारल्याचा रस पिऊन याल, आकडा चांगला येईल, घरी जाल, आणि आजार आहे तिथेच.

जीरावन_जास्त

करून आले. दुसऱ्या लॅबमध्ये. करडं बूच मागितलं तर त्या बाईंनी वर बघितलं, "तुम्ही पॅथॉलॉजीच्या का?" म्हणाल्या. ग्लुकोजचं पाणी म्हणजे उपवासाच्या दिवशी पाकाचं भांडं चाटल्यासारखं. नववीच्या सुट्टीतल्या गृहपाठाच्या वह्या नेल्या होत्या, दोन तासांत एक गठ्ठा झाला.

उपाशी १११. दोन तासांनी १७२. फेरिटिन ७.

घरी सासूबाई म्हणतात, "म्हणजे बॉर्डरवर आहे, काही नाही झालेलं." नवरा म्हणतो, "म्हणजे आहेच." माझ्या समजण्याप्रमाणे दोघंही चूक. डॉक्टर, सांगा.

डॉ_राऊ

दोघंही चूक. आज तुम्हाला डायबेटिस नाही: १११ हे १२६ च्या खाली, १७२ हे २०० च्या खाली. पण दोन्ही आकडे मधल्या पट्ट्यात आहेत, म्हणजे प्रीडायबेटिस नक्की आहे, आणि तो "काही नाही" नव्हे. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा अभ्यास आला त्यात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटींना प्रीडायबेटिस होता. तुमच्या रांगेत गर्दी जास्त आहे. चांगली गोष्ट अशी की या रांगेतून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात वजन सुमारे ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालण्याचं उद्दिष्ट दिलं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या भारतीय अभ्यासात वजन फारसं न उतरताही २८ टक्क्यांच्या आसपास घट दिसली. गोळीचा विचार तुमच्या डॉक्टरांसोबत जरूर करा, बाळंतपणात साखर वाढलेल्या बायकांना ती उपयोगी पडते हे माहीत आहे. पण तो निर्णय समोर बसून व्हावा, औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर नाही.

क्रमानं आधी फायब्रॉइड आणि लोह. फेरिटिन ७ घेऊन चालायला गेलात तर पहिल्या फेरीतच दम लागेल आणि तुम्ही म्हणाल व्यायाम झेपत नाही. ते दमणं शाळेमुळे नसावं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यात जा. लोह सुरू केल्यावर नव्या पेशी भराभर येतात आणि त्यांच्यावर साखर चिकटलेली नसते, त्यामुळे एचबीए१सी मधल्या काळात खोटाच कमी दिसेल. तो बघून खूश होऊ नका. हिमोग्लोबिन भरून आल्यावर साधारण तीन महिन्यांनी करा, तेव्हा तो तुमच्या बाबतीत बोलायला लागेल. दरवर्षी उपाशीची साखर, आणि जमलं तर हीच दोन तासांची. तुमची गफलत दोन तासांनंतरच्या आकड्यात जास्त आहे, ती नुसत्या उपाशीत पूर्ण दिसत नाही.

जीरावन_जास्त

आज दुपारचीच वेळ घेतली आहे. एकच विचारायचं राहिलं. मुलगी ११ ची. तिच्या वेळी मला साखर होती, म्हणजे तिची तपासणी आत्ता करायची का? सासूबाई मशीन घेऊन तयारच आहेत.

डॉ_राऊ

तिचं वजन वय-उंचीच्या मानानं जास्त असेल तर हो. अशा मुलांची तपासणी दहाव्या वर्षी किंवा वयात येताना, जे आधी येईल तेव्हा सुरू करतात, आणि आईला गरोदरपणात साखर असणं हे त्यासाठी पुरेसं कारण धरलं जातं. मानेवर, काखेत काळसर मखमली पट्टे दिसत असतील तरीही आणा. वजन ठीक असेल आणि पट्टे नसतील तर तिचं बोट सोडा, तिला टोचायचं काही कारण नाही. उंची-वजन दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर लिहीत जा.